बाकाबद्दल वन्संचं मत

आमच्या वन्संना ज्याबद्दल मत नाही अशी वस्तू जगात अजून तयार व्हायची आहे. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी त्यांनी माझ्या नव्या कोटाची बाही चिमटीत धरली, उलटी करून शिवण पाहिली आणि म्हणाल्या, "कापड चांगलं होतं." मी त्याच क्षणी ठरवलं की या बाईशी आपलं जन्मात पटायचं नाही. आणि पटलंही नाही. टॉवेलाची घडी तीन पदरी की चार पदरी, या एका विषयावर आम्ही कितीतरी वर्षं काढली.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की "मापात बसेल असा मिळाला नाही" हे उत्तर ठरलेलं. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या कापणीच्या टेबलावर होत्या. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि कात्री घालायची. तिथे हात चुकला तर चूक एका गणवेशात राहत नाही, खालपर्यंत सगळ्या थरांत उतरते. त्या कामामुळे त्यांच्या जिभेला धार आली, की धार आधीच होती म्हणून ते काम मिळालं, हे मला आजवर कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांची मतं ऐकायला घरात आम्ही दोघंच उरलो. हे सकाळी कामावर पळायचे, म्हणजे उरले मी एकटी. पंख्याचा आवाज, शेजाऱ्यांचे पडदे, मी कांदा कसा कापते, सगळ्यावर अभिप्राय. शेवटी एक दिवस मी ह्यांना निर्वाणीचं सांगितलं, "तुमच्या बहिणीला दुसरे श्रोते बघा, नाहीतर मी माहेरी जाते." ह्यांनी घाबरून त्यांना एक फोन घेऊन दिला आणि एका ऑनलाइन ग्रुपमध्ये घातलं.

ग्रुपचं नाव 'हे काय भलतंच!'. रोजच्या जगण्यात दिसलेल्या विचित्र गोष्टींचे फोटो लोक तिथे टाकत. थेट भिंतीत जाऊन संपणारा जिना, एकमेकांत पाय अडकलेलं गाजर, घोट्याएवढ्या उंचीवर कुलूप असलेलं दार. त्यावर बाकीच्यांनी मनात जे पहिलं येईल ते लिहायचं. नियम एकच होता, पण कडक. लिहायचं ते आपलं आणि आपल्याच शब्दांत. कुठून शोधून आणलेलं, दुसऱ्याला विचारून लिहिलेलं चालणार नाही. उसनं बोलेल त्याला बाहेर काढणार आणि बाहेर गेलेल्याला परत घेणार नाही. हा नियम सांभाळायला एक ग्रंथपाल होता. दिवसभर ग्रंथालयात लोकांना गप्प बसवून कंटाळतो, म्हणून इथे बोलायला लावतो, असं वन्संचं त्याच्याबद्दल मत होतं आणि ते त्यांनी तिथेच लिहून टाकलं होतं.

वन्सं तिथे मासा पाण्यात पडावा तशा पडल्या. नाव घेतलं 'कात्रीताई'. जिन्याच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, "बांधणाऱ्याचं घरात कुणी ऐकत नसणार. रुसून बसायला बांधलाय." गाजराखाली, "आमचे एक काका असेच बसायचे. गाजर जास्त बरं दिसतंय." कुणीतरी कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याचा फोटो टाकला, त्याला दोन्ही हात डावे बसवलेले. वन्संनी लिहिलं, "आमच्या कारखान्यात असे बरेच होते. पगारही घ्यायचे." त्या दिवशी त्या ग्रुपात जी हसाहस झाली, ती वन्संनी मला चार वेळा वाचून दाखवली. रस्त्यावरच्या दिव्यांची दुरुस्ती करणारा एक जण होता, त्याला सगळे दिवेवाला म्हणत. खांबावर चढल्यामुळे त्याला भलत्या जागा दिसायच्या आणि फोटो टाकताना तो आवर्जून लिहायचा, 'कात्रीताई, चालवा.'

खरं सांगते, मला त्या ग्रुपचं काडीचं कौतुक नव्हतं. रिकामटेकड्यांचा बाजार, असं मी म्हणायचे. पण माझ्या कांद्यावरचे अभिप्राय बंद झाले होते, त्यामुळे मी सुखी होते.

मग वन्संना झटका आला. सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून पडला. त्या कपाकडे बघत राहिल्या आणि काही म्हणाल्याच नाहीत, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी भयंकर झालंय. हॉस्पिटलात आम्ही वेळेत पोचलो. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय हळूहळू चालू लागला. पण शब्द गेले.

डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीयेत. बोलायला गेलं की तोंडातून एकच यायचं, "तेच तेच". पाणी हवं असलं तरी तेच तेच, पडदा सारायचा असला तरी तेच तेच. लिहिणंही गेलं, डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या. जिने आयुष्यभर बोलण्याने माणसं सोलून काढली, ती बाई एका शब्दासाठी घामाघूम व्हायची आणि शेवटी "तेच तेच" म्हणून डोळे मिटून घ्यायची. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे आणि रडून घ्यायचे.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. चांगल्या होत्या, शांत होत्या. पिशवीतून चित्रांची कार्डं काढायच्या. कप. चेंडू. चावी. "हे काय आहे?" वन्सं त्या चेंडूकडे अशा बघायच्या की चेंडूलाच लाज वाटावी. मग मान भिंतीकडे. बाई गेल्या की मी रागवायचे, "अहो, म्हणा की चेंडू! काय जातं तुमचं?" एकदा त्यांनी डाव्या हाताने ते कार्डच पलंगाखाली भिरकावलं. बाईंना मी शरमून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांना बोलावंसं वाटेल असं काहीतरी शोधा. चेंडूबद्दल कुणाला काय बोलायचं असतं?" मी मनात म्हटलं, हिला काय माहीत, आमच्या वन्संना चेंडूबद्दलही असतं.

तेव्हा मला ग्रुपची आठवण झाली. फोन उघडला तर तिथे लोक विचारत होते, कात्रीताई कुठे गेल्या? दिवेवाल्याने तर पाठोपाठ फोटो टाकले होते आणि प्रत्येकाखाली हाक मारली होती. मी म्हटलं, कळवून टाकते यांना, काय झालंय ते. पण वन्संनी डाव्या हाताने फोन दाबून धरला आणि मान जोरजोरात हलवली. नाही म्हणजे नाही. मला लगेच उमजलं. घरात येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे बिचारी म्हणून बघत होता. बिचारी नसण्याची ती एकच जागा उरली होती, आणि ती त्यांना घालवायची नव्हती.

मग मी त्यांना रोज दुपारी फोटो दाखवायला लागले. काय सांगू, त्या उठून बसायच्या! भुवया चढायच्या, ओठ हलायचे, "तेच... तेच तेच!" असं तावातावाने म्हणायच्या. आत मत तयार होतंय हे मला स्पष्ट दिसायचं, फक्त दाराशी येऊन अडायचं. त्यांचा चेहरा वाचून मीच त्यांच्या नावाने लिहायला लागले. मला वाटलं, केवढं पुण्याचं काम करतेय.

आता माझी अडचण अशी की मी स्वभावाने सरळ बाई आहे. निळ्या छत्रीवर झोपलेलं मांजर दिसलं, मी लिहिलं, "किती गोड." उलटी लावलेली पाटी दिसली, मी लिहिलं, "होतं असं कधी कधी." मग दिवेवाल्याने एका खांबावरच्या घरट्याचा फोटो टाकला, ते घरटं निम्मं विजेच्या तारांनी विणलेलं होतं. मी लिहिलं, "छान आहे. पक्ष्यांचं कौतुक वाटतं." वन्संनी ते मला खुणेने वाचायला लावलं आणि ऐकून कपाळावर हात मारला. मला वाटलं, डोकं दुखतंय म्हणून मारला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपात चर्चा पेटली. कुणीतरी लिहिलं, "कात्रीताईंनी जन्मात कशाला छान म्हटलं नाहीये." दुसऱ्याने लिहिलं, "फोन चोरीला गेला असेल." तिसरा म्हणाला, "माझ्या काकूच्या नावाने असंच कुणीतरी गोड गोड लिहीत होतं, नंतर भामटा निघाला." आणि दिवेवाला, ज्याच्यासाठी मी मेलीने एवढं गोड लिहिलं होतं, तोच म्हणाला, "या बाई कुणी दुसऱ्याच आहेत. आमच्या कात्रीताई परत द्या." मला असा संताप आला! एकतर यांच्यासाठी राबायचं आणि वर भामटी ठरायचं. पण संतापाच्या तळाशी एक गार भीतीही होती, कारण ते खरं तेच बोलत होते.

ग्रंथपालाने निकाल दिला. सभ्य माणूस, पण नियमाला पक्का. त्याने लिहिलं, रविवारी दुपारी मी एक नवा फोटो टाकीन. त्यावर कात्रीताईंनी आपल्या आवाजात बोलून पाठवावं. त्या पूर्वी असे आवाजी निरोप पाठवायच्या, आवाज आम्ही ओळखतो. आवाज त्यांचा आणि बोलणं त्यांचं असेल तर प्रश्न मिटला. नाहीतर हे नाव काढून टाकावं लागेल.

हे मी वन्संना वाचून दाखवलं. "मी सांगून टाकते हो सगळं," मी म्हटलं, "माणसं वाईट नाहीत ती. समजून घेतील." त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, तरी नाहीच. समजून घेतलेलं त्यांना नको होतं. पूर्वीसारखं भांडलेलं हवं होतं. आणि त्यासाठी रविवारच्या आत त्यांना एक वाक्य बोलायचं होतं.

मग मी पदर खोचला. "मीच आहे," एवढंच म्हणा, असं त्यांना शिकवायला घेतलं. "मी," त्या म्हणायच्या. "च आहे," मी म्हणायचे. "तेच तेच." पुन्हा. "मी..." आणि मग तोंड नुसतं उघडं. सकाळी, जेवताना, केस विंचरताना, मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले. शनिवारी संध्याकाळी त्यांनी कंगवाच माझ्या हातातून ओढून घेतला आणि पाठ फिरवून झोपल्या. मला वाटलं, संपलं. आता त्या चेंडूच्या कार्डाकडे बघतच उरलेलं आयुष्य काढणार, आणि माझ्यामुळे. त्या गोडगोड बोलण्यापायी मी त्यांची शेवटची जागा घालवली होती.

रविवारी जेवण झालं. हे बाजारात गेले होते. वन्सं खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. फोन वाजला. ग्रंथपालाने फोटो टाकला होता.

बागेतला एक बाक. चांगला लाकडी, नवा, हात टेकायची सोय असलेला. आणि एका उंच भिंतीकडे तोंड करून बसवलेला. बाकावर बसणाऱ्याचे गुडघे भिंतीला टेकतील, एवढीच मधे जागा. मागे सगळी बाग मोकळी, झाडं, तळं, खेळणारी मुलं. ती सगळी पाठीकडे.

मी फोटो वन्संच्या समोर धरला. त्यांनी पाहिला. भुवया चढल्या. मी आवाज टिपायचं बटण दाबलं, आणि माझा धीर सुटला. त्या गप्प राहतील आणि ते गप्प राहणंच ग्रुपात जाईल, या भीतीने मीच बडबडायला लागले. "वन्सं, म्हणा, मीच आहे. म्हणा ना. नाहीतर बाकाबद्दल काहीतरी साधं म्हणा. म्हणा, बाक छान आहे. निवांत बसायला बरा. म्हणा, छान..."

"गप्प!"

मी गप्प झाले. असा आवाज त्या खोलीत कित्येक महिन्यांत घुमला नव्हता. वन्संचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. त्यांनी डावा हात उचलून त्या बाकाकडे बोट रोखलं.

"भिंत," त्या म्हणाल्या. "भिंत... बघायची?"

फोन माझ्या हातात होता आणि तो सगळं टिपत होता.

"कोण... मूर्ख..." त्या थांबल्या. शब्द शोधत होत्या, सुईत दोरा ओवताना माणूस डोळे बारीक करतं तशा. मी काहीही सुचवलं नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. "कोण मूर्ख... मापं... घेतो?" आणि मग श्वास घेऊन, माझ्याकडे बोट वळवून, "छान... ही. मी नाही. भाव... भावजय. खोटारडी!"

आयुष्यात मला कुणी खोटारडी म्हटलं आणि मी आनंदाने रडले, असं एकदाच झालं. मी डोळे पुसत म्हटलं, "थांबा, हे नको पाठवायला, यात माझी बडबड आहे, पुन्हा नीट घेऊ." आणि पुसून टाकायच्या खुणेकडे बोट नेलं. वन्संनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. ती पकड कापणीच्या टेबलावरची होती, इतक्या आजारातून कशी शिल्लक राहिली देव जाणे. माझं बोट बाजूला सारलं आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने निरोप पाठवून दिला.

आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. बराच वेळ काहीच आलं नाही. मला कळत होतं, ते ऐकताहेत. तिथल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं की हा आवाज तोच आहे, आणि मधल्या जागा मात्र नव्या आहेत. त्या जागा कशाने पडल्या, हे न कळण्याइतकी ती माणसं लहान नव्हती. आता कीव येणार, फुलांची चित्रं येणार, 'लवकर बऱ्या व्हा' येणार, या विचाराने वन्संनी पुन्हा माझं मनगट घट्ट धरलं.

पहिला आला तो ग्रंथपाल. "कात्रीताईच. शंका मिटली. भावजयबाईंना मात्र ताकीद, उसनं बोलू नये. यायचं असेल तर स्वतःच्या नावाने यावं."

पाठोपाठ दिवेवाल्याने एक नवा फोटो टाकला. रस्त्यावरचा दिवा, बरोब्बर एका झाडाच्या शेंड्यात घुसलेला, पानांत प्रकाश पाडणारा. आणि खाली एवढंच, "हा मीच लावलाय. आता यावर काय म्हणणं आहे?"

वन्सं हसल्या. आवाजासकट हसल्या. मग त्यांनी बोटाने बटण दाखवलं. मी दाबलं आणि जीभ चावून धरली.

"काम... तुझं," त्या म्हणाल्या. "म्हणून... काही... आश्चर्य नाही."

ग्रुपात नुसता धुमाकूळ झाला. हसणारी तोंडं, टाळ्या, कुणी लिहिलं "आल्या एकदाच्या", कुणी लिहिलं "आता आमची धडगत नाही". मग एकामागून एक फोटो यायला लागले. सगळे जण आपापली साठवलेली विचित्र चित्रं ओतत होते आणि प्रत्येक जण आपलीच अब्रू काढून मागत होता. अर्धवट रंगवलेलं फाटक आलं, चार टोप्या एकावर एक घातलेला म्हातारा आला, छत्रीच्या दांड्याला बांधलेली किटली आली. वन्सं शब्द शोधत होत्या. काही सापडत होते, काहींच्या जागी "तेच तेच" येत होतं आणि त्या रागाने मांडीवर हात आपटून पुन्हा शोधायला लागत होत्या. किटलीवर त्या इतका वेळ अडल्या की मला वाटलं आता सोडून देतील. सोडलं नाही. "नवरा... असेल... बांधणारा," असं शेवटी निघालं आणि मी खुर्चीवरून पडायची राहिले. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला, की टॉवेलाची घडी चार पदरी घालायलाही मी त्या क्षणी तयार होते. बोलले मात्र नाही.

दार वाजलं. हे बाजारातून आले. झटका आल्यापासून हे आपल्या बहिणीशी एका विशिष्ट पद्धतीने बोलायचे. प्रेमापोटीच, पण मोठ्याने आणि एकेक अक्षर तोडून, जणू त्या तीन गल्ल्या पलीकडे उभ्या आहेत. पिशव्या घेऊन हे आत आले, खुर्चीसमोर वाकले आणि नेहमीसारखे ओरडले, "ता-ई! क-शी आ-हेस? चहा ह-वा का?"

वन्संनी फोन मांडीवर ठेवला. धाकट्या भावाकडे खालून वर पाहिलं. मी एक शब्दही सुचवला नाही.

"ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "मी... बहिरी नाही."

ह्यांच्या हातातल्या पिशव्या खाली आल्या आणि बटाटे खोलीभर पळाले. हे तिथेच जमिनीवर बसले आणि बहिणीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडायला लागले. वन्संनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, केसांतून फिरवला, आणि मग कानामागे वाढलेली एक बट चिमटीत धरून मला म्हणाल्या, "वहिनी. कात्री... आण."